सावित्रीबाईंचा दवाखाना
(द्वितीय वर्ष, कला)

दरवर्षी ३ जानेवारीला आपल्या महाविद्यालयात सावित्रीबाई फुले यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. भाषणे होतात. त्या भाषणांतून भिडे वाड्यातील मुलींची शाळा, अंगावर पडणारे शेण आणि दगड, पिशवीत ठेवलेले दुसरे लुगडे या गोष्टी आपण ऐकतो. त्या ऐकायलाच हव्यात. या महाविद्यालयाच्या बाकावर आज माझ्यासारखी मुलगी बसू शकते याचे मूळ त्या शाळेत आहे. माझ्या आईच्या आणि वडिलांच्या अशा दोन्ही घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच.

परंतु सावित्रीबाईंचे आयुष्य शाळेपाशी संपले नाही. ते संपले एका दवाखान्यात, रोग्यांची शुश्रूषा करता करता. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पतीच्या निधनानंतर सहा वर्षांनी, त्यांनी एक नवे काम हाती घेतले आणि त्या कामातच प्राण ठेवला. या अखेरच्या पर्वाला भाषणात बहुधा एखादे वाक्य मिळते. प्लेगच्या साथीत सेवा करताना त्यांचे निधन झाले, एवढेच सांगून वक्ते खाली बसतात. त्या एका वाक्यात काय काय दडले आहे, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला. तेव्हा जोतीराव तेरा वर्षांचे होते. त्या काळच्या कोणत्याही मुलीप्रमाणे अक्षरओळख नसतानाच सावित्रीबाई सासरी आल्या. पुढे जोतीरावांनी त्यांना शिकवले, शिक्षिकेचे रीतसर शिक्षणही मिळाले आणि १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. १८५१ आणि १८५२ मध्ये आणखी शाळा निघाल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या गेल्या. या कार्यापायी १८४९ मध्ये पतिपत्नींना घर सोडावे लागले. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. हा सारा इतिहास आपल्या परिचयाचा आहे, म्हणून येथे तो विस्ताराने सांगत नाही.

माणूस शिकला पाहिजे हे तर खरेच. पण शिकण्यासाठी आधी तो जगला पाहिजे. फुले दांपत्याच्या पुढच्या कार्याकडे पाहिले की ही गोष्ट त्यांना फार लवकर उमगली होती असे दिसते. शाळेत येणाऱ्या मुलांची घरे त्यांनी पाहिली होती. त्या घरांतील उपासमार, पाण्यासाठी होणारी वणवण आणि बाळंतपणात जाणाऱ्या बाया त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. शाळेच्या दारातून त्या वस्तीत शिरल्या आणि मग वस्तीची सगळीच दुखणी त्यांची झाली.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. उच्चवर्णीय समाजात तेव्हा विधवेला पुनर्विवाहाची मुभा नव्हती. लहान वयात विधवा झालेल्या मुलींवर घरातल्याच कोणाची वाकडी नजर पडे. दिवस गेले की बदनामीच्या भयाने ती एक तर जीव देई, नाही तर जन्मलेले मूल मारून टाकी. अशा स्त्रियांनी येथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल नेणे शक्य असेल तर न्यावे, नसेल तर येथेच ठेवून जावे, अशी सोय फुल्यांनी केली. त्याची जाहीर पत्रके पुण्यात लावली गेली. पुढील वीस-एकवीस वर्षांत पस्तीस स्त्रिया तेथे बाळंत झाल्या. पत्रक लावणे हे जोतीरावांचे काम होते असे म्हणू. पण बाळंतिणीच्या उशाशी बसणे, शेक-शेगडी पाहणे, रडणारे मूल मांडीवर घेणे ही कामे सावित्रीबाईंची होती. ज्या स्त्रीला सख्ख्या आईच्या घरी जागा नव्हती, तिची त्या आई झाल्या. पुढच्या दवाखान्याची पायाभरणी खऱ्या अर्थाने येथे झाली.

याच गृहाने त्यांना मुलगा दिला. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा या दांपत्याने १८७४ मध्ये आपला म्हणून वाढवायला घेतला. त्याचे नाव यशवंत. स्वतःला मूल नसलेल्या आईने परक्याचे मूल वाढवले, शिकवले आणि डॉक्टर केले. त्याला वैद्यकीय शिक्षण देण्यात आईवडिलांचा काही हेतू होता की नाही, हे सांगता येत नाही. परंतु घरात सदैव आजारी, बाळंतीण, अनाथ माणसांचा राबता होता आणि अशा घरातला मुलगा डॉक्टर झाला, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. शिवाय सत्यशोधक समाजाच्या मंडळींत डॉ. विश्राम रामजी घोले यांच्यासारखे नामांकित शस्त्रवैद्य होते. वैद्यकाची विद्या त्या घराला परकी नव्हती.

१८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ही घटना आपण सामाजिक समतेचे उदाहरण म्हणून वाचतो. ते तर ती आहेच. पण तिच्याकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहा. स्वच्छ पाण्यावाचून पटकी हटत नाही, खरूज जात नाही, बाळाचे जुलाब थांबत नाहीत. ज्या वस्तीला पाणवठ्याची बंदी आहे तिला रोगाची मात्र मोकळीक असते. जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. नगराचे पाणी, दिवे आणि रस्ते कोणत्या पेठेत थांबतात आणि कोणत्या वस्तीपर्यंत जातच नाहीत, हे त्या घराने आतून पाहिले होते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि फुले दांपत्याच्या कामाला संघटनेचे बळ मिळाले. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळात त्याचा प्रत्यय आला. समाजाच्या कार्यकर्त्यांनी धान्य गोळा केले, अन्नछत्रे उघडली. पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम निघाला. सावित्रीबाई स्वतः जुन्नर भागात फिरल्या. तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात दुष्काळाचे वर्णन आहे, सावकारांच्या कांगाव्यामुळे कार्यकर्त्यांवर आलेल्या संकटाचा वृत्तांत आहे आणि कलेक्टरची गाठ घेऊन आपण ते कसे निवारले याचीही हकिगत आहे. पतीला सुखदुःख कळवण्यापेक्षा कामाचा अहवाल देण्याकडेच त्या पत्राचा कल आहे. जोतीरावांची सावली म्हणून त्यांचे वर्णन करणाऱ्यांनी हे पत्र अवश्य वाचावे. सरकारदरबारी बोलणारी, पैसा आणि माणसे जमवणारी, संकटात डोके शांत ठेवणारी एक स्वतंत्र कार्यकर्ती त्यात दिसते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेत मडके कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला. यशवंत दत्तक, म्हणून त्याचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि मडके हाती घेऊन पतीच्या प्रेतापुढे चालल्या. ज्या काळी स्त्रिया स्मशानात जात नसत, त्या काळातील ही गोष्ट आहे. त्यानंतर घराचा आणि समाजाचा दोन्ही भार त्यांच्यावर आला. १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. वयाच्या या टप्प्यावर माणूस विसाव्याची भाषा बोलू लागतो. सावित्रीबाईंच्या वाट्याला मात्र १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ आला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. मांडवी म्हणजे गोदीजवळची दाट वस्ती. धान्याची कोठारे, अंधाऱ्या खोल्या आणि उंदीर. थंडी वाजून जबर ताप येई, काखेत किंवा जांघेत गाठ उठे आणि चार-पाच दिवसांत खेळ आटोपे. आपले वैद्य याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. या रोगाचे जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत येर्सिन या शास्त्रज्ञाने शोधले होते. परंतु ते उंदरावरील पिसवांमार्फत माणसाला जडतात हे १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. ती सामान्य माणसापर्यंत पोचायला अवकाश होता. गुणकारी औषध तर पुढे जवळजवळ अर्ध्या शतकाने आले. म्हणजे १८९७ च्या आरंभी डॉक्टरपाशी रोगाचे नाव होते, उपाय मात्र नव्हता. गाठ आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे दगावत.

मुंबईतून लाखो लोक रेल्वेने, गलबताने, पायी बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर रोगही बाहेर पडला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. (हाच कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या वेळी महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला.) त्या कायद्याने अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यासाठी रँड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्चच्या मध्यापासून गोरे सोजीर घराघरांत शिरून झडती घेऊ लागले. देव्हारे बाटले, बायकांचा अपमान झाला, सामान जाळले गेले. रोग्याला उचलून रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत नेले जाई. याची परिणती २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडण्यात झाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रोग्याला निरोग्यापासून वेगळे ठेवणे, दाट वस्तीतून मोकळ्या हवेत हलवणे, हा विचार चुकीचा नव्हता. त्या काळी करण्यासारखे तेवढेच होते. मग लोक एवढे का बिथरले? ऑक्टोबर १८९६ मध्येच मुंबईत गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. ज्यांच्यासाठी रुग्णालय होते तेच त्याच्यावर चालून गेले. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, तेथे काय करतात ते कळत नाही, तेथे आपले असे कोणी नाही, ही त्यांची भावना होती. आपल्या आईला सोजीर उचलून नेतो, तेव्हा तो तिला बरे करायला नेतो आहे यावर कोण विश्वास ठेवील?

सावित्रीबाईंचा दवाखाना या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. रँडचे सोजीर घरांत शिरण्यापूर्वीच, १८९७ च्या आरंभी, तो सुरू झाला. यशवंत तेव्हा लष्करात डॉक्टर होता. आईने त्याला बोलावून घेतले आणि तो रजा काढून आला. पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात मोकळ्या माळावर रोग्यांची सोय करण्यात आली. हे ससाणे म्हणजे यशवंताचे सासरे ग्यानोबा ससाणे यांचे घराणे. त्यांची मुलगी राधा ही सावित्रीबाईंची सून. साथ येण्यापूर्वीच ती वारली होती. मुलगी गेली तरी नाते तुटले नाही. ज्या रोगाला भिऊन सख्खे भाऊ एकमेकांना दारात उभे करीत नव्हते, त्या रोगाच्या माणसांसाठी एका शेतकरी कुटुंबाने आपली जमीन दिली. आपण सावित्रीबाईंचा गौरव करतो तेव्हा त्या मळ्याचीही आठवण ठेवावी असे मला वाटते.

दवाखान्याची रचना लक्षात घ्या. जागा शेतकऱ्याची. डॉक्टर लष्करात शिकून तयार झालेला, पण वस्तीतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर वाढलेला. अनेक वर्षे दुष्काळात, शाळांत, लग्नकार्यात लोकांच्या कामी आलेल्या सत्यशोधक समाजाची पुण्याई पाठीशी. आणि या सर्वांना एकत्र बांधणारी एक म्हातारी बाई. रोग्याला वस्तीतून बाहेर काढायचे काम त्या करीत होत्या आणि रँडचे सोजीरही पुढे तेच करणार होते. फरक होता तो हात कोणाचा यात. सावित्रीबाई दारात आल्या म्हणजे लोकांना आपली बाई आली असे वाटे. त्यांनी त्या वस्तीत जाण्याची सुरुवात प्लेग आल्यावर केली नव्हती. त्या आधी जवळजवळ पन्नास वर्षे तेथे जात होत्या. विश्वास हा साथीच्या दिवशी मागवता येत नाही. तो आधी साठवून ठेवावा लागतो.

त्या दवाखान्यात जातीचा प्रश्न नव्हता, हेही सांगितले पाहिजे. ज्या काळी महारवाड्यातील माणसाची नाडी धरायलाही पुष्कळ वैद्य कचरत, त्या काळी तेथील रोगी इतरांबरोबरच तेथे येत होते. मुंढवा हे नदीकाठचे गाव हडपसरपासून जवळ. तेथील महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेगची गाठ आली. सावित्रीबाईंना हे कळले तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि त्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. सहासष्ट वर्षांची बाई, पाठीवर तापाने फणफणलेला मुलगा आणि पुढे माळरानाची वाट. हे चित्र शाळेत जाणाऱ्या तरुण शिक्षिकेच्या चित्राइतकेच आपल्या भिंतीवर लागायला हवे.

तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र रोगाची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांची प्राणज्योत मालवली. डॉक्टर मुलगा जवळ होता, पण त्याच्यापाशी औषध नव्हते. जे औषध कोणाकडेच नव्हते त्याच्या जागी आपली माया आणि कष्ट घेऊन त्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच पुण्यात घरांच्या झडत्या सुरू झाल्या.

याच साथीने महिनाभर आधी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईत आणखी एका सत्यशोधकाचा बळी घेतला होता. ते म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढणारे आणि १८९० मध्ये त्यांना रविवारची सुटी मिळवून देणारे लोखंडे प्लेगच्या काळात कामगार वस्तीतील रोग्यांसाठी झटत होते. ज्यांच्याजवळ पैसा होता ते तेव्हा शहर सोडून हवेशीर ठिकाणी गेले. ही माणसे वस्तीतच राहिली. दोघांच्या मृत्यूंत एका महिन्याचे अंतर आहे आणि दोघांनाही गाठले ते त्यांच्या कामाने.

आता एक प्रश्न मनात येतो आणि तो टाळून चालणार नाही. एका दवाखान्याने असे काय झाले? प्लेग थांबला नाही. पुढील दोन दशकांत हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली. काही रोगी वाचवण्यासाठी एवढ्या मोलाच्या स्त्रीने जीव द्यावा, हा हिशेब कसा जुळवायचा? माझ्या मते हा हिशेब वाचलेल्या रोग्यांच्या संख्येत करायचा नाही. रोग्याला सक्तीशिवाय, त्याची आणि त्याच्या घराची अब्रू राखून वेगळे ठेवता येते आणि रोगी जर तो हात आपला मानत असेल तर तो सोबत येतो, हे या दवाखान्याने दाखवून दिले. सरकारकडे त्या वेळी पैसा होता, कायदा होता, फौज होती. त्यांच्याजवळ नव्हते ते नेमके सावित्रीबाईंजवळ होते. आणि तिच्याजवळ जे नव्हते, म्हणजे लस, पैसा, मनुष्यबळ, ते सरकारजवळ होते. ही दोन टोके जर एकत्र आली असती तर किती माणसे वाचली असती, हा विचार मनाला चटका लावून जातो.

प्लेग आपल्या खानदेशालाही नवा नाही. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ही गावे मुंबईशी रेल्वेने जोडलेली आणि रोगाला तीच वाट सोयीची. आमच्याकडची जुनी माणसे प्लेगला पिलोक म्हणत. गावे ओस पडत आणि लोक शेतात झोपड्या घालून राहत, असे माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेले सांगते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी या पिलोकावर कविता रचली आहे. त्यांच्या ओंकार या मुलाला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले होते. ज्या माउलीचे नाव आज आपल्या विद्यापीठाला आहे तिच्या घरातही हा रोग शिरला होता. म्हणजे हडपसरची ती कथा फार दूरची नाही.

आज प्लेगचे भय उरलेले नाही. पण वस्त्या आहेत. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे २००३ मध्ये महानगरपालिका झाली. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे, जळगावात २०१८ मध्ये सुरू झाले. मोठी रुग्णालये आली ही आनंदाची गोष्ट. परंतु तांबापुऱ्यातून किंवा पांझरेच्या काठच्या झोपडीतून त्या रुग्णालयाच्या दारापर्यंतचे अंतर रिक्षाच्या भाड्यात मोजता येत नाही. रोजंदारी बुडेल, केसपेपर कोठे काढायचा ते कळणार नाही, कोणी खेकसेल, लिहिता येत नाही म्हणून हसेल. या भीतीपायी किती बाया दुखणे अंगावर काढतात ते मी आमच्या गल्लीत पाहिले आहे. माझी आई त्यांच्यापैकीच एक. तिला प्रथम दवाखान्यात नेले ते आमच्या भागातल्या आशाताईंनी. त्यांनी आईला नुसता पत्ता सांगितला नाही, त्या सोबत गेल्या आणि रांगेत बरोबर उभ्या राहिल्या. सोबत जाणे या गोष्टीला सरकारी कागदात काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. सावित्रीबाईंनी तेच केले होते.

२०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झाले. शहरातील गरीब वस्त्यांसाठी नागरी आरोग्य केंद्र, आशा कार्यकर्ती आणि पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती अशी त्यात योजना आहे. या समितीत वस्तीतल्याच बाया असतात आणि तिला किरकोळ खर्चासाठी दरवर्षी पाच हजार रुपयांचा निधी देण्याची तरतूद आहे. कल्पना उत्तम आहे. वस्तीची माणसे, डॉक्टर आणि सरकार यांनी एकत्र काम करावे हाच तिचा गाभा. १८९७ मध्ये जी दोन टोके जुळली नाहीत ती जुळवण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल. पण समिती कागदावर असणे आणि वस्तीत असणे यांत जो फरक आहे तो पाहायला कोणी तरी जावे लागते. कोणी जायचे?

येथे मला आपल्या महाविद्यालयाकडे वळावेसे वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेची सुरुवात २४ सप्टेंबर १९६९ रोजी झाली. सत्यशोधक समाजाची स्थापनाही २४ सप्टेंबरचीच. हा केवळ योगायोग आहे, पण सुरेख आहे. आपले हिवाळी शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात सात दिवस भरते. आपण रस्ता झाडतो, झाडे लावतो, पथनाट्य करतो आणि परत येतो. पुढच्या वर्षी दुसरे खेडे. माझी सर्व प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींना नम्र सूचना आहे. एक वस्ती घ्यावी, आपल्याच शहरातली, महाविद्यालयापासून चालत जाता येईल अशी. सात दिवस न जाता वर्षभर जावे, दर रविवारी. तेथे महिला आरोग्य समिती आहे का, असल्यास तिच्या बैठकी होतात का, हे विचारावे. ज्या बाईला केसपेपर वाचता येत नाही तिच्यासोबत रुग्णालयात एकाने जावे. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. इंजेक्शन देणे आमचे काम नाही. पण अर्ज भरणे, वाचून दाखवणे, डॉक्टरांची भाषा आजीच्या भाषेत सांगणे, रांगेत सोबत उभे राहणे यासाठी बी.ए.चे दुसरे वर्षही पुरेसे आहे.

सावित्रीबाईंना कोणतीही वैद्यकीय पदवी नव्हती. त्या शिक्षिका होत्या, कवयित्री होत्या. म्हणजे आजच्या भाषेत कला शाखेच्याच. येत्या ३ जानेवारीला हार घालून झाल्यावर आपल्यापैकी निदान दहाजणांनी त्या वस्तीची वाट धरली तर माझे लिहिणे सार्थकी लागेल. नावे नोंदवून घेण्याची जबाबदारी मी घेते.